हँडल हाताशी

अंबडला मत्स्योदरी देवीच्या टेकडीखाली सायकल लावली, चहाचा कप उचलला आणि तो बोटांतून निसटला. उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, दोन्ही मेल्यासारखी झाली होती. जालन्याहून निघताना हात ठणठणीत होता. रोड बाइक घेऊन जेमतेम तीन महिने झाले होते. पाय दुखले असते तर कौतुक वाटलं असतं, पण हे काही वेगळंच होतं. त्या सकाळपासून मी सायकलच्या हँडलच्या मागे लागलो, तो आजपर्यंत.

तळहाताच्या मुळाशी, करंगळीच्या बाजूला मनगटाचं एक छोटं हाड हाताला लागतं. त्याच्या कडेने एक नस बोटांकडे जाते. ती जिथून जाते त्या चिंचोळ्या वाटेला १८६१ साली तिचं वर्णन करणाऱ्या फ्रेंच शल्यविशारदावरून ‘गुयॉनचा बोगदा’ म्हणतात. करंगळी आणि अर्धी अनामिका या नसेच्या ताब्यात. तास-दीड तास अंगाचा भार नेमका त्या जागेवर पडला, वर रस्त्याचे हादरे बसले, की मुंग्या येतात. दुर्लक्ष केलं तर चिमटीतला जोर जातो, कुलपात किल्ली फिरवणंही जड होतं. सगळे पहिल्यांदा जाड हातमोजे घेतात, मीही घेतले. हातमोज्यांनी हादरा कमी होतो, भार कमी होत नाही. मुळात अंगाचा एवढा भार हातावर आलाच का, हे शोधायला हवं.

माझ्या सायकलवर तो आला होता, कारण हँडल लांब होतं आणि खाली होतं. मोठ्या शहरातल्या ज्या दुकानातून ती घेतली, तिथे मला एक माप मोठी फ्रेम दिली गेली आणि “होईल सवय” असं सांगितलं गेलं. सवय होत नाही. हाडांची लांबी सवयीने बदलत नाही.

इतिहास थोडक्यात सांगून टाकतो. मेंढ्याच्या शिंगासारखं खाली वळलेलं हँडल एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शर्यतींच्या सायकलींवर आलं, १९०३ साली ‘टूर द फ्रान्स’ सुरू झाली तेव्हा ते रुळलेलं होतं. १९९०च्या सुमारास पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याच्या दांडीवरचे आटे गेले आणि दांडीला बाहेरून मिठी मारणारा आजचा स्टेम, म्हणजे हँडल धरणारा तुकडा, आला. बस.

आपल्या काळ्या सायकलीबद्दल मात्र घाईने बोलवत नाही. तिचं हँडल चालवणाऱ्याकडे वळून येतं, सीटपेक्षा वर राहतं. पाठ ताठ, भार स्प्रिंगच्या सीटवर, हाताला काम फक्त वळवण्याचं आणि ब्रेकचं. पहाटे खेड्यांतून जालन्यात शिरणारे दूधवाले दोन्ही बाजूंना कॅन लटकवून ताशी दहा-बाराच्या वेगाने येत. त्यांच्या करंगळीला मुंग्या आल्याचं मी कधी ऐकलं नाही. रोड बाइकचं हँडल वाऱ्याखाली वाकण्यासाठी घडलं. त्यावर हात ठेवायच्या तीन जागा: वरची आडवी नळी, ब्रेकच्या मुठीवरचा रबरी हूड आणि खालचा बाक. माझ्या मते हौशी माणसाचा दहातला आठ वेळ हूडवरच जातो. म्हणून सगळं जमवायचं ते हूड समोर ठेवून.

हे मला शिकवलं ते आमच्या भागातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीने. आयुष्यभर काळ्या सायकली जोडलेला माणूस. त्यांनी मला सायकलवर बसवलं, कॅरिअर नसल्यामुळे सीट धरून मागे उभे राहिले आणि म्हणाले, “सर, आता दोन्ही हात उचला बरं, बोटभरच.” मी उचलले आणि पुढे कोसळलो. “पाहा. गाडी हातावर पेलायची नसते. कोपर मोकळं पायजे.” अजूनही कुणाची सायकल पाहायची झाली, तर मी हीच परीक्षा घेतो. हात किंचित उचलल्यावर क्षणभर तरी तोल राहिला पाहिजे.

हँडलला हात लावण्याआधी सीट बघावी. सीटचं नाक खाली झुकलं असेल, तर माणूस सतत पुढे घसरतो आणि हाताने स्वतःला मागे ढकलत राहतो. पाणसळ लावून सीट सपाट करावी. हात लांब पडतात म्हणून सीट पुढे ओढू नये. सीटची जागा गुडघ्यांसाठी असते, हातांसाठी नाही.

आता माझी सगळ्यात आवडती गोष्ट: स्टेम उलटा करणं. पैसा लागत नाही, लागतात त्या ४ आणि ५ मिलिमीटरच्या ॲलन की. चिमट्याच्या दांडीला आणि हँडलला जोडणारा तुकडा म्हणजे स्टेम. तो बहुधा सहा-सात अंशांनी वाकडा असतो आणि कारखान्यातून येताना वाक खाली असतो. मी एका रविवारी अंगणात सतरंजी टाकून बसलो. आधी पुढच्या झाकणाचे चार बोल्ट काढून हँडल अलगद लोंबतं सोडलं. मग दांडीला आवळणारे बाजूचे दोन बोल्ट सैल केले, त्यानंतर वरच्या टोपीचा. स्टेम उपसला, पालथा केला, परत बसवला. १०० मिलिमीटरच्या, सहा अंशांच्या स्टेमने हँडल सुमारे दोन सेंटिमीटर वर येतं आणि अर्ध्या सेंटिमीटरहून थोडं जास्त जवळ येतं. कागदावर हे काहीच नाही. पाठीला विचारा.

जोडताना मात्र क्रम उलटा. वरच्या टोपीचा बोल्ट स्टेम धरून ठेवत नाही. तो फक्त आतल्या छऱ्यांवर बेताचा दाब देतो. म्हणून तो आधी, हलक्या हाताने. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवायची. टकटक आली तर सैल, स्टेम जड फिरला तर घट्ट. मग स्टेम चाकाच्या रेषेत धरून बाजूचे बोल्ट आवळायचे. शेवटी झाकणाचे चार बोल्ट, कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात असे, आणि वर-खालची फट सारखी राहील असे. किती आवळायचं ते स्टेमवर छापलेलं असतं, पुष्कळदा ५ न्यूटन-मीटर. आमचं गाव सळईचं, इथे जोर लावण्याचं कुणाला वावडं नाही; पण कार्बनचं हँडल जोर दाखवण्याची जागा नव्हे, ते आतून तडकतं. सगळं झाल्यावर हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून पाहावं. केबल ताणली जात असेल तर ती लांब टाकल्याशिवाय रस्त्यावर जाऊ नये.

स्टेमखाली किंवा वर स्पेसरच्या चकत्या असतात. वरची १० मिलिमीटरची चकती खाली घेतली की हँडल तेवढं वर येतं आणि दांडी तिरकी असल्यामुळे साधारण ३ मिलिमीटर मागेही येतं. एका वेळी एकच बदल करावा आणि त्यावर तीन-चार दिवस सायकल चालवावी. मी राजूरच्या गणपतीपर्यंतचा रस्ता यासाठी ठरवून टाकला आहे. तोच रस्ता, तेच खड्डे, म्हणजे फरक कळतो. समृद्धी महामार्ग आमच्या अंगाखांद्यावरून गेला, पण तिथे दुचाकीला मज्जाव. आमचे जुनेच रस्ते, कडेला कापूस आणि मोसंबीच्या बागा.

हँडल खाली असावं की वर, यावर वाद घालणारे मला ग्रेग लेमाँडचा दाखला देतात. १९८९च्या टूरमध्ये शेवटच्या दिवशी, व्हर्साय ते पॅरिस २४.५ किलोमीटरच्या टप्प्यावर, तो लोराँ फिन्योंपेक्षा ५० सेकंद मागे होता. हात पुढे जोडून कोपरं टेकवायचं नवं हँडल त्याने लावलं आणि पूर्ण टूर ८ सेकंदांनी जिंकली. गोष्ट मलाही प्रिय आहे. पण तो अर्ध्या तासाचा हिशेब. दुसरं टोक म्हणजे अमेरिका आरपार करणारी ‘रेस अक्रॉस अमेरिका’, जवळपास ४,८०० किलोमीटर. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र या महाजन बंधूंनी ती २०१५ साली दोघांच्या संघातून पूर्ण केली. २०१७ साली लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुलनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकेकट्याने पार केली. या शर्यतीत एक विकार ओळखीचा आहे: मान उचलून रस्ता पाहता पाहता मानेचे स्नायू हार मानतात आणि डोकं छातीवर पडतं. मायकल शर्मर या स्पर्धकावरून त्याला ‘शर्मर नेक’ म्हणतात. हँडल जितकं खाली, मान तितकी वर मोडायची. २०० किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरल्या वेळेतली लांब पल्ल्याची सवारी, साडेतेरा तासांत करणाऱ्या आपल्या मंडळींनी लेमाँडकडे नव्हे, या मानेकडे पाहून हँडल लावावं, असं माझं ठाम मत आहे.

स्टेमनंतर हँडलचा कल. झाकणाचे बोल्ट जरा सैल करून हँडल गोल फिरवता येतं. वरच्या नळीपासून हूडपर्यंत मनगट न मोडता हात सरळ सरकला पाहिजे. हूड पुढे कलंडले असतील तर तळहात घसरतो आणि भार पुन्हा त्याच नसेवर. पण हूड उचलायला पूर्ण हँडलच वर फिरवलं, तर खालचा बाक आभाळाकडे पाहू लागतो आणि उतारावर तिथून ब्रेक सापडत नाही. त्यापेक्षा रबर मागे मुडपून, आतला बोल्ट सैल करून लिव्हरच नळीवर थोडं वर सरकवावं. यात टेप उलगडावी लागते, म्हणून दुकानदार टाळतात.

रुंदीकडे फार कमी लोक बघतात. खांद्याच्या एका हाडाच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जे माप येईल, त्याच्या आसपास हँडल असावं. सायकलींवर सर्रास ४२ सेंटिमीटरचं येतं. आमच्यासोबत सायकल चालवणाऱ्या एका शिक्षिकाबाईंचं खांद्याचं माप भरलं ३७. वर्षभर त्या मानेला तेल चोळत होत्या. त्यांना ३८चं हँडल बसवलं आणि लिव्हरमधला छोटा स्क्रू फिरवून ब्रेक बोटांच्या जवळ आणले. हा स्क्रू बऱ्याच लिव्हरमध्ये असतो, पण लहान पंजाच्या माणसाला तो कुणी दाखवत नाही.

त्या दिवशी टेप गुंडाळायला बाई स्वतः बसल्या. टेप खालच्या टोकापासून सुरू करायची, दर वेढा आधीच्यावर एक तृतीयांश चढवायचा आणि ओढ सारखी ठेवायची, म्हणजे हाताच्या दाबाने कडा उचलल्या जात नाहीत. लिव्हरपाशी त्यांना दोनदा उलगडावं लागलं. तिसऱ्यांदा बसलं. मग त्यांनी सायकल गल्लीच्या टोकापर्यंत नेली, वळवून आणली आणि पाय टेकवून म्हणाल्या, “भाऊ, डावं हूड केसभर खाली आहे.” मोजलं. खरंच चार मिलिमीटर खाली होतं. आम्ही टेप पुन्हा उलगडली.