विजेता ठरवावा कसा?

खेळ म्हटला की जयपराजय आलाच. परंतु विजेता कोण, हे ठरवण्याची रीत मात्र सर्वत्र एकच नसते. शाळाशाळांमधील कबड्डीचे किंवा खो-खोचे सामने पुष्कळदा बाद पद्धतीने होतात. हरलेला संघ स्पर्धेबाहेर पडतो आणि जिंकलेला पुढच्या फेरीत जातो. अशा स्पर्धेत १६ संघ असले, तर १५ सामन्यांत सारा निकाल लागतो; कारण प्रत्येक सामन्यात एकेक संघ गळत जाऊन अखेरीस एकच उरतो. दुसरी रीत साखळी पद्धतीची. तीत प्रत्येक संघ इतर सर्व संघांशी खेळतो. विजयाबद्दल व बरोबरीबद्दल गुण मिळतात आणि ज्याचे एकूण गुण सर्वाधिक, तो विजेता ठरतो. त्याच १६ संघांनी एकमेकांशी दोन-दोन सामने खेळायचे म्हटले, एक आपल्या मैदानावर व एक प्रतिपक्षाच्या, तर प्रत्येकाच्या वाट्याला ३० सामने येतात आणि सामन्यांची एकूण संख्या २४० होते.

पहिल्या रीतीत थोडक्या दिवसांत निकाल लागतो व चुरस शिगेला पोहोचते. पण एका दिवसाच्या दुर्दैवाने उत्तम संघही बाद होऊ शकतो. दुसऱ्या रीतीत दैवाचा वाटा घटतो आणि सातत्याची कसोटी लागते. पण वेळ, पैसा व श्रम हे सारेच पुष्कळ लागते. तेव्हा स्पर्धेचा नियम बदलणे म्हणजे केवळ वेळापत्रक बदलणे नव्हे. कोणत्या गुणाला मान द्यावयाचा, हेच त्यातून ठरत असते. जर्मनीतील राष्ट्रीय फुटबॉल स्पर्धेचा इतिहास या दृष्टीने मोठा उद्बोधक आहे.

जर्मनीत राष्ट्रीय अजिंक्यपदाचा पहिला अंतिम सामना १९०३ साली झाला. त्यात लाइपझिगच्या संघाने प्राग येथील जर्मन संघाचा ७-२ असा पराभव केला. तेव्हापासून पुढील साठ वर्षे साधारणतः एकच प्रघात होता. देशाच्या निरनिराळ्या विभागांत आधी स्थानिक स्पर्धा व्हावयाच्या. त्यांतून वर आलेले संघ अखेरच्या टप्प्यात एकमेकांसमोर यावयाचे आणि एका अंतिम सामन्यात अजिंक्यपदाचा निर्णय लागावयाचा. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीची फाळणी झाली. पश्चिम जर्मनीत उत्तर, पश्चिम, नैर्ऋत्य, दक्षिण आणि बर्लिन असे पाच विभाग पडले. या पाच विभागांच्या वरिष्ठ स्पर्धांत सत्तरांहून अधिक संघ खेळत असत.

वरवर पाहता या व्यवस्थेत वावगे काही नव्हते. गावोगावच्या संघांना वरिष्ठ स्पर्धेत स्थान मिळे, प्रवास फार नसे आणि शेजारच्या गावाशी होणारा सामना पाहण्यास अवघे गाव लोटे. तथापि तिच्यात एक मोठी उणीव होती. बलाढ्य संघांची गाठ वर्षातील बराच काळ दुबळ्या संघांशीच पडे. अटीतटीचे सामने मोजकेच होत. शिवाय खेळाडूंना मिळणारे वेतन इतके अल्प असे, की बहुतेकांना पोटासाठी दुसरा व्यवसाय करावा लागे. इटलीतील श्रीमंत संघ अधिक पैसा देऊ करीत. त्यामुळे चांगले जर्मन खेळाडू तिकडे जाऊ लागले. हॅम्बुर्गचा नामांकित खेळाडू उवे झेलर याने १९६१ साली इटलीतून आलेली मोठी रक्कम नाकारली. पण प्रत्येकाकडून असा त्याग कसा अपेक्षावा?

पश्चिम जर्मनीने १९५४ साली विश्वचषक जिंकला होता. त्या संघाचे मार्गदर्शक झेप हेर्बेर्गर यांचे मत असे, की देशातील निवडक संघांची एकच साखळी असावी. दर आठवड्यास तुल्यबळ प्रतिपक्षाशी झुंजल्यावाचून खेळाडू कणखर होत नाहीत. कोलोन संघाचे अध्यक्ष फ्रान्त्स क्रेमर यांनीही याच विचाराचा पाठपुरावा केला. विरोधही तितकाच होता. विभागीय संस्थांना आपले महत्त्व कमी होईल अशी धास्ती वाटे आणि लहान संघांना आपण मागे पडू ही चिंता होती. अशातच १९६२ च्या विश्वचषक स्पर्धेत, उपान्त्यपूर्व सामन्यात, युगोस्लाव्हियाने पश्चिम जर्मनीला १-० असे हरवले. या पराभवाने बदलाची निकड अनेकांना पटली. २८ जुलै १९६२ रोजी डॉर्टमुंड येथे जर्मन फुटबॉल महासंघाची सभा भरली. तीत १०३ विरुद्ध २६ मतांनी नव्या साखळी स्पर्धेचा ठराव संमत झाला. तिचे नाव ‘बुंडेसलिगा’, म्हणजे संघराज्याची साखळी स्पर्धा.

ठराव झाला, पण खरी अडचण पुढेच होती. जागा होत्या १६ आणि अर्ज आले ४६. कोणास घ्यावे व कोणास वगळावे? संघांची मागील बारा वर्षांची कामगिरी पाहिली गेली; त्यांची आर्थिक स्थिती व मैदानाची सोयही विचारात घेतली गेली. तरीसुद्धा निवड सर्वांना न्याय्य वाटली नाही. आखेनच्या संघाने आपणांस डावलल्याची तक्रार केली. झारब्रुकेनच्या निवडीवर टीका झाली. म्युनिक शहरातून ‘१८६० म्युनिक’ या संघास स्थान मिळाले आणि ‘बायर्न म्युनिक’ हा संघ बाहेर राहिला. जुनी घडी मोडून नवी बसवताना कोणाच्या तरी पदरी निराशा येतेच. ती निराशा किती जणांच्या वाट्याला येते आणि तिला पुढे भरपाईची वाट ठेवलेली आहे की नाही, यावरून बदलाची योग्यता ठरत असते. येथे ती वाट होती. दरवर्षी साखळीच्या तळाशी राहणारे दोन संघ खालच्या स्पर्धेत जाणार होते आणि खालचे दोन संघ वर येणार होते. बायर्न म्युनिक १९६५ साली याच वाटेने वर आला आणि १९६९ साली त्याने बुंडेसलिगा जिंकली.

जुन्या पद्धतीचा शेवटचा अंतिम सामना २९ जून १९६३ रोजी स्टुटगार्ट येथे झाला. त्यात डॉर्टमुंडने कोलोनला ३-१ असे नमवले. पुढे दोनच महिन्यांनी, २४ ऑगस्ट १९६३ रोजी, नव्या स्पर्धेस आरंभ झाला. डॉर्टमुंडच्या टिमो कोनिएट्स्का याने ब्रेमेन येथे पहिल्याच मिनिटात पहिला गोल केला. तो इतक्या त्वरेने झाला, की त्याचे एकही छायाचित्र उपलब्ध नाही! मात्र तो सामना अखेर ब्रेमेनने ३-२ असा जिंकला. वर्षाअखेर गुणांची बेरीज झाली, तेव्हा कोलोन पहिला आला. अंतिम सामन्यातील विजेता डॉर्टमुंड चौथ्या स्थानी होता. दुसरे स्थान कोणी मिळवले? मायडेरिख या डुइसबुर्गच्या एका उपनगरातील संघाने! नामवंत संघांना मागे टाकून त्याने वर्षभर नेटाने गुण जमवले होते. झारब्रुकेन व म्यून्स्टर हे दोन संघ तळाशी राहिले आणि खाली गेले.

नव्या व्यवस्थेचे दोषही लवकरच दिसू लागले. १९६५ साली हेर्था बर्लिन या संघाने खेळाडूंना नियमबाह्य रकमा दिल्याचे उघडकीस आले आणि त्याला स्पर्धेतून काढण्यात आले. बर्लिनचा एक तरी संघ स्पर्धेत हवा, म्हणून ‘टास्मानिया’ या संघाला अचानक वर घेण्यात आले आणि संघांची संख्या १८ करण्यात आली. त्या वर्षी टास्मानियाने ३४ पैकी केवळ २ सामने जिंकले. त्याने १५ गोल केले आणि त्याच्यावर १०८ गोल झाले. मैदानावर न मिळवलेले स्थान मानाचे न ठरता ओझे ठरते, हेच यातून दिसून आले.

याहून गंभीर प्रसंग १९७१ साली ओढवला. त्या काळी बुंडेसलिगेतून खाली जाणे म्हणजे पुन्हा विभागीय स्पर्धेत जाणे आणि उत्पन्न एकदम आटणे. या भीतीने काही संघांनी पैसे देऊन सामन्यांचे निकाल विकत घेतले. चौकशी झाली आणि ५० हून अधिक खेळाडूंना शिक्षा झाली. परंतु महासंघ शिक्षेवर थांबला नाही. त्याने दोषाचे मूळही शोधले. १९७४ साली दुसऱ्या श्रेणीची बुंडेसलिगा सुरू करण्यात आली. वरून पडणाऱ्यास मध्ये एक पायरी मिळाली. पडण्याची भीती जितकी अतोनात, तितका अप्रामाणिकपणाचा मोह मोठा, हे त्यांच्या ध्यानात आले होते.

यानंतरही बदल होत राहिले. १९९० साली जर्मनी पुन्हा एक झाली, तेव्हा पूर्वेकडील रोस्टॉक व ड्रेस्डेन या संघांना सामावून घेण्यासाठी १९९१-९२ या एका वर्षापुरते २० संघ खेळवण्यात आले. १९९५ पासून विजयास दोनऐवजी तीन गुण देण्यात येऊ लागले. उद्देश हा, की संघांनी बरोबरीवर समाधान न मानता विजयासाठी झटावे.

पुढे एक निराळीच तक्रार उद्भवली. ज्या बायर्न म्युनिकला १९६३ साली जागा मिळाली नव्हती, त्याने २०१३ पासून २०२३ पर्यंत सलग ११ वेळा अजिंक्यपद मिळवले. विजेता आधीच ठाऊक असेल तर स्पर्धेत गोडी ती काय, असे लोक म्हणू लागले. साखळीच्या अखेरीस पहिल्या काही संघांचे बाद सामने खेळवावेत, अशी कल्पना २०२२ साली जाहीरपणे चर्चिली गेली. म्हणजे साठ वर्षांपूर्वी निरोप दिलेल्या अंतिम सामन्यास पुन्हा बोलावण्याचाच तो विचार होता! तो अमलात आला नाही. आणि २०२४ साली लेव्हरकुसेन या संघाने बायर्नची मालिका खंडित केली. ३४ सामन्यांपैकी २८ जिंकून व ६ बरोबरीत सोडवून, एकही सामना न हरता त्याने अजिंक्यपद पटकावले. बुंडेसलिगेत असा पराक्रम त्यापूर्वी कोणी केला नव्हता.

सर्वांगपरिपूर्ण नियम कोठेच नसतो. बाद पद्धती शौर्याच्या एका क्षणाला मान देते, तर साखळी पद्धती वर्षभराच्या कष्टांना. एकीत उत्कंठा अधिक, दुसरीत न्याय अधिक. यांपैकी काय हवे, हे खेळणाऱ्यांनी व चालवणाऱ्यांनी विचारपूर्वक ठरवावे लागते. मात्र काही गोष्टी कोणत्याही पद्धतीत आवश्यकच असतात. नियम खेळ सुरू होण्यापूर्वी ठरलेला असावा. तो सर्वांना सारखा लागू असावा. आणि आज जो बाहेर राहिला, त्याला उद्या आत येण्याचे दार उघडे असावे. असे असले म्हणजे हरणाराही निकाल मान्य करतो, आणि हरलेल्याने मान्य केलेला विजय हाच खरा विजय होय.