खाडीकाठची आमची चौपाटी

समुद्रकिनारा म्हटलं की अलिबाग, गणपतीपुळे नाहीतर थेट गोवाच आठवतो. हो ना? पण ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावरून आत वळलं की लागणाऱ्या कोलशेतलाही एक किनारा आहे, हे ठाण्यात जन्म काढलेल्यांनाही माहीत नसतं! गणपती विसर्जनाला घाटावर गर्दी होते तेवढीच. एरवी सगळं सामसूम.

वाळू मात्र शोधू नका. इथे चिखल आहे, काळाभोर. राजमाचीजवळच्या डोंगरात उगम पावलेली उल्हास नदी कर्जत, बदलापूर, कल्याण करत इथे येते आणि वसईच्या खाडीतून समुद्राला मिळते. पलीकडच्या काठावर भिवंडीचं काल्हेर.

आमच्याकडे मासळी घेऊन येणाऱ्या मावशींबरोबर मी पहिल्यांदा खाली उतरले. "बाय, चपला काढ नी बोटं रोवून चाल," ही त्यांची पहिली शिकवण. ओहोटीला चिखल उघडा पडला की निवट्या टणाटण उड्या मारतात. मासाच तो, पण पाण्याबाहेर बिनधास्त! तिवरांच्या मुळांशी चिंबोऱ्यांची बिळं. कुठल्या बिळात हात घालायचा आणि कुठल्या नाही, हे मावशींना नुसतं तोंड बघून कळतं. मला अजून कळत नाही.

घड्याळाचं गणित तर ऐकाच. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे साधारण तीनला भरती. सहा तास मागे-पुढे ओहोटी. खाडीत आत पाणी जरा उशिरा पोचतं, तेवढं धरायचं. पौर्णिमा-अमावस्येला उधाण, अष्टमीला भांग. कॅलेंडर बघून उपवास ठरवणाऱ्या आपण, हे का नाही शिकलो?

गंमत म्हणजे फ्रान्सच्या ब्रिटनीतल्या शांत किनाऱ्यांवरही हेच चालतं. ओहोटीला बायाबापड्या, पोरंबाळं बादल्या घेऊन शिंपले-खेकडे वेचायला उतरतात. तिथे कुठला शिंपला किती मोठा झाल्यावर उचलायचा याचे सरकारी नियम आहेत, लहान असेल तर परत सोडायचा. मावशी बारकी चिंबोरी सोडून देतात, कुणी न सांगता.

पण सोडून देण्याएवढं तरी किती मिळतं? उल्हासनगर, अंबरनाथ, डोंबिवलीकडचं सांडपाणी याच पाण्यात येतं. पूर्वी सकाळच्या एका फेरीत पाटी भरायची, आता दोन ओहोट्या लागतात, असं मावशी सांगतात. त्यात किनाऱ्याच्या सुशोभीकरणात कोलशेतचं नाव आलं. 2016 च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्यात कल्याण-ठाणे-मुंबई हा 53 क्रमांकाचा जलमार्ग आहे, त्यासाठीच्या जेट्टींमध्येही कोलशेत आहे. बोटी आल्या तर मलाही हव्यात, घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये आयुष्य चाललंय! फिरायला कट्टा, बाकडी, दिवे, तेही छानच. तिवरांना 2018 च्या उच्च न्यायालयाच्या निकालाचं संरक्षण आहे. चिखलात उतरायच्या पायवाटेला मात्र कुठल्या कागदावर जागा नाही.

मावशींनी मला नकाशा बघायला सांगितला होता. मोबाइलवर दाखवला, चष्मा लावून त्यांनी निरखून पाहिला आणि एवढंच विचारलं, "आमी उतरायचं कुठनं?"