बाळाला उचलताना मनगटात कळ?

बाळाच्या काखेत हात घालून उचलताना अंगठ्याच्या मुळाशी कळ येत असेल, तर ते बहुधा ‘डी क्वेर्व्हेन’चं दुखणं. स्विस शल्यविशारद फ्रिट्झ डी क्वेर्व्हेन यांनी १८९५ मध्ये त्याचं वर्णन केलं. अंगठा हलवणाऱ्या दोन कंडरांभोवतीचं आवरण जाड होतं आणि कंडरा त्यात घासतात. अंगठा मुठीत धरून मनगट हलकेच करंगळीकडे झुकवा. तिथेच कळ उठली तर शंका बळावते. ‘बाळंतपणात दुखायचंच’ म्हणत अंगावर काढू नका. अंगठ्यालाही आधार देणारा मनगटपट्टा वापरा, बर्फाने शेका, बाळाला तळहातांवर तोलून उचला. अंगावर पाजत असाल, तर वेदनाशामक गोळी डॉक्टरांना विचारूनच. तरीही थांबलं नाही, तर स्टेरॉइडचं इंजेक्शन. क्वचित छोटी शस्त्रक्रिया. बोटांना मुंग्या येत असतील, तर दुखणं वेगळं असू शकतं.