विंग्स हवेत, वंगण नको!

शनिवारची रात्र. लोकलमधून धक्के खात डोंबिवलीला उतरायचं, जिना चढून ईस्टला यायचं आणि घरी जाण्याआधी चायनीजच्या गाडीवर 'एक प्लेट लॉलीपॉप, चटणी जास्त' अशी ऑर्डर सोडायची. माझ्या धाकट्या भावाचं हे चार वर्षांचं फिक्स्ड शेड्यूल. मग ऑफिसच्या हेल्थ चेकअपमध्ये साहेबांचे ट्रायग्लिसराइड्स २४० निघाले. नॉर्मल म्हणजे १५० च्या आत. वय वर्षं २६! बाबांची अँजिओप्लास्टी झाली तेव्हा ते ४९ चे होते. त्यामुळे तो कागद बघून आई काहीच बोलली नाही, आणि आमच्याकडे आई काहीच बोलत नाही तेव्हा मामला सीरियस असतो.

डॉक्टरांनी तळलेलं बंद करायला सांगितलं. (त्याआधी बिअर आणि कोल्ड्रिंक बंद, असंही सांगितलं होतं. ते भावाने घरी सांगितलंच नाही, मी फाइलमध्ये वाचलं.) पण शनिवारी रात्री दुधीची भाजी खाणारा माणूस मी तरी अजून पाहिलेला नाही. म्हणून मी सॉसच्या मागे लागले.

आपण ज्याला लॉलीपॉप म्हणतो तो कोंबडीचा पंखच. मांस हाडावरून खरवडून एका टोकाला गोळा केलं की झाला लॉलीपॉप. अमेरिकेत हाच पंख 'बफेलो विंग' म्हणून फेमस झाला. इथे म्हशीचा काही संबंध नाही बरं का, बफेलो हे न्यूयॉर्क राज्यातलं शहर आहे. तिथल्या अँकर बारमध्ये १९६४ साली टेरेसा बेलिसिमो या बाईंनी पंख तळून तिखट सॉसमध्ये घोळवले, अशी गोष्ट सांगतात. तोपर्यंत पंख जायचे सूपच्या पातेल्यात.

आता त्या सॉसचा फंडा ऐका. मिरची-व्हिनेगरचा सॉस आणि त्यात जवळपास तेवढंच बटर. बस्स! बटरच्या शंभर ग्रॅमच्या पाकिटात ८० ग्रॅम फॅट असतं. आपली शेजवान चटणी तरी कुठे साधी आहे? लसूण-मिरचीची पेस्ट तेलात परतत राहायची, वर लाल तवंग आला की ती 'झाली'. म्हणजे पंख तळलेला, वर तेलातली चटणी आणि खाली टिश्यू पेपर पारदर्शक!

कॅलरी वाचवण्याचं पहिलं काम मात्र आपला चिकनवाला आधीच करून ठेवतो, आणि त्याचं क्रेडिट त्याला कुणी देत नाही. ठाणे असो, कल्याण असो, आपल्याकडे बहुतेक लोक 'विदाउट स्किन'च मागतात. पंखातलं बरंचसं फॅट त्या सालीत असतं. तेव्हा दुकानात एवढंच सांगायचं, विंग्स वेगळे द्या, साल काढून, लॉलीपॉप कट नको. डझनभर पंख एका कोंबडीत मिळणार नाहीत, हे गणित जमत असेल तर आदल्या दिवशी सांगून ठेवा.

उरला सॉस. पहिल्या प्रयत्नात मी स्मार्टपणा केला. नेहमीची रेसिपी घेतली आणि तेल-बटर सरळ गाळलं. भावाने एक घास खाल्ला आणि बेसिनकडे पळाला. झालं असं होतं की मिरचीचा तिखटपणा ज्या कॅप्सेसिनमुळे येतो, ते पाण्यात विरघळत नाही, स्निग्ध पदार्थात विरघळतं. बटर तिखटाला पोटात घेऊन जिभेला वाचवत असतं. ते काढलं की तेवढीच मिरची दुप्पट डाफरते. आंबटपणाही उघडा पडतो, आणि सॉस पंखाला चिकटण्याऐवजी ताटात वाहून जातो. म्हणजे बटर काढायचं तर त्याची ही तिन्ही कामं दुसऱ्या कुणाला तरी द्यायला हवीत.

मिरचीचा प्रश्न शेजारच्या आगरी काकूंनी सोडवला. दर उन्हाळ्यात त्यांच्या गच्चीवर मिरच्या वाळत पडतात आणि मग वर्षाचा मसाला कांडून येतो. त्यांचं म्हणणं असं की रंग आणि दाटपणा बेडगीचा घ्यावा, तिखटपणा दुसऱ्या मिरचीचा, आणि दोघींचं प्रमाण आपल्या हातात ठेवावं. बेडगी, म्हणजे कर्नाटकातल्या ब्याडगीची मिरची, दिसायला लालभडक पण तिखटाला सौम्य.

तर डझनभर पंखांसाठी दहा बेडगी आणि दोनच संकेश्वरी मिरच्या घ्या. नुसत्या बिया झटकून उपयोग नाही. खरा तिखटपणा आतल्या पांढऱ्या शिरेत असतो, ती काढा. मिरच्या अर्धा तास गरम पाण्यात भिजवा. एक टोमॅटो गॅसवर वांग्यासारखा भाजून सोला. आठ-दहा लसूण पाकळ्या आणि इंचभर आलं ठेचून एक चमचा तेलात परता. चहाचा चमचा, भाजीचा डाव नव्हे! मिरची-टोमॅटोची अगदी गुळगुळीत पेस्ट त्यात घाला आणि थोडं पाणी घालत मंद आचेवर दहा मिनिटं शिजवा. पेस्ट कच्ची राहिली तर सगळा खेळ खलास, इथे घाई नको. मग दोन मोठे चमचे व्हिनेगर, चमचाभर सोया सॉस आणि चिमूटभर साखर. मीठ चाखून, कारण सोया सॉस आधीच खारट असतो.

आता बटरची जागा. गॅस बंद करा, सॉस कोमट होऊ द्या आणि दोन चमचे चक्का फेटून त्यात मिसळा. हो, श्रीखंडाचा चक्का, साखर घालण्यापूर्वीचा. उकळत्या सॉसमध्ये घातलात तर फाटेल. रंग भगवा होतो, तिखट मवाळ होतं आणि सॉस पंखाला धरून राहतो. लो-फॅट दुधाच्या दह्याचा चक्का घेतला तर सगळ्या सॉसमध्ये मोजण्यासारखं फॅट त्या चमचाभर तेलाचंच, साधारण पाच ग्रॅम.

काहीजण बटरऐवजी मध ओततात. चव मस्त येते, पण ट्रायग्लिसराइड्सवाल्यांनी त्या वाटेला जाऊ नये. साखरेनेही ते वाढतात. बाजारातल्या 'लो-फॅट' बाटलीमागचं साखर आणि सोडियमचं बारीक अक्षरही म्हणूनच वाचायचं.

पंखांना दही, हळद, मीठ, आलं-लसूण लावून तासभर ठेवा. साल नसल्यामुळे थेट ओव्हनमध्ये ते वातड होतात, म्हणून आधी बारा-पंधरा मिनिटं वाफवा. मी मोदकपात्र काढलं तर आईने हातातून काढून घेतलं, त्यामुळे आमच्याकडे कढईवर चाळणी. नंतर ओटीजी किंवा एअर फ्रायरमध्ये २०० डिग्रीवर दहा मिनिटं, नाहीतर तापलेल्या तव्यावर. शेवटच्या दोन मिनिटांत सॉस ब्रशने लावा, उरलेला प्लेटमध्ये वरून. तळलेल्याचा कुरकुरीतपणा येतो का? नाही येत. खोटं कशाला बोला?

आणखी एक. तेलातली चटणी टिकते ती बरीचशी तेलामुळे. हा सॉस फ्रीजमध्ये चार दिवस, फार तर पाच. चक्का न घालता ठेवायचा, खायच्या वेळी लागेल तेवढ्यात मिसळायचा. मी रविवारी करून ठेवला तर गुरुवारपर्यंत संपतो, कारण भाऊ तो आता पोळीलाही लावतो.

त्याचा पुढचा रिपोर्ट डिसेंबरमध्ये आहे. बिअरचं मी आईला अजून सांगितलेलं नाही. गेल्या शनिवारी तो लोकलमधून उतरून सरळ घरी आला, सहा पंख खाल्ले आणि विचारलं, "चटणी अजून आहे का?"