खैरमोडे पती-पत्नींनी जपलेले कागद

मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयात खैरमोडे यांच्या नावाचा कागदपत्रांचा संग्रह आहे. बाबासाहेबांवर लिहिणारे देशोदेशीचे अभ्यासक त्याचा आधार घेतात. पण हे खैरमोडे कोण, असे आमच्या कळंबच्या तरुणांना विचारले तर सांगणारे थोडेच निघतील.

कालकथित चांगदेव भवानराव खैरमोडे यांचा जन्म १९०४ चा, सातारा जिल्ह्यातला. बाबासाहेबांच्या सहवासात राहून, नोकरी सांभाळून त्यांनी पत्रे, पत्रके, कात्रणे जमवली. त्यातून चरित्र उभे राहिले. पहिला खंड १९५२ साली, बाबासाहेब हयात असतानाच निघाला. १९७१ साली खैरमोडे गेले, तेव्हा बरेच लेखन छापायचे राहिले होते. द्वारकाबाईंनी खटपट करून ते खंड प्रकाशात आणले. चरित्रकाराचे नाव सगळे घेतात, या माउलीचे क्वचितच कोणी घेते. आम्हाला ते खटकते.

फेब्रुवारी १९४१ मध्ये बाबासाहेब कसबे तडवळ्याला महार-मांग परिषदेसाठी आले होते. तिथल्या रेल्वे स्टेशनचे नावच कळंब रोड, म्हणजे ते आपल्या दारापर्यंत आले म्हणा ना! त्या परिषदेला गेलेल्या आजोबा-पणजोबांच्या ट्रंका अजून कुणाकुणाच्या माळ्यावर असतील. घराला रंग देताना त्यातले कागद रद्दीवाल्याला देऊ नका. जुन्या फोटोमागे माणसांची नावे, गाव आणि साल शिसपेन्सिलीने हलकेच लिहून ठेवा. शाईने लिहू नका, ती पुढच्या बाजूला उमटते.