तिकीट काढून ऐका

कुकटपल्लीतल्या शिवानंद पुनर्वसन केंद्रावरून माझी नेहमीची ये-जा. राणी कुमुदिनी देवींनी 1958 मध्ये कुष्ठरुग्णांसाठी उभी केलेली ही संस्था हैदराबादकरांना ठाऊक असते. आत मात्र फार थोडे जातात. एकदा तिथून जाताना एका मित्रानं मोबाइलवर ‘स्वरानंदवन’मधलं एक समूहनृत्य दाखवलं. संपल्यावर म्हणाला, “यातल्या एकीलाही ऐकू येत नाही.” एकही पाऊल तालाबाहेर पडलं नव्हतं. हे घडतं कसं ते बघायलाच सिकंदराबादहून गाडी धरली. काझीपेठ, बल्लारशाह, चंद्रपूर आणि पुढे रस्त्यानं वरोरा.

‘स्वरानंदवन’ हा बाबा आमट्यांनी वरोऱ्याला कुष्ठरुग्णांसाठी उभ्या केलेल्या आनंदवनाचा वाद्यवृंद डॉ. विकास आमटे यांनी 2002 मध्ये उभा केला. अंध गायक-वादक, कर्णबधिर नर्तक, कुष्ठरोगातून बरे झालेले कलाकार गावोगावी कार्यक्रम करतात आणि मिळकत संस्थेच्या कामाला लावतात.

तालीम सुरू होण्याआधी माइक लागले, तबलजीनं गट्ट्यांवर हातोडी मारत तबला सुरात आणला. माझी नजर मात्र समोर उभ्या असलेल्या एका ताईंवर खिळली. नाचणाऱ्या कर्णबधिर मुलींकडे तोंड करून त्या हातांनी मात्रा मोजत होत्या. बोट वर गेलं की गिरकी, तळवा उघडला की थांबायचं. ढोलाची थरथर फळ्यांतून तळपायांना लागते, पण सम कळते ती ताईंच्या हातातून. कार्यक्रमात टाळ्या पडतात तेव्हा त्या प्रेक्षकांना पाठमोऱ्या असतात.

कडेला एक काका पेटी वाजवत होते. कुष्ठरोगानं नसा मेल्या की बोटांना स्पर्श कळत नाही. पट्टी दाबली गेली का, हे त्यांना कान सांगतो. चहाच्या वेळी ते म्हणाले, “बाबांपाशी 14 रुपये होते. सहा रुग्ण अन् एक लंगडी गाय.” थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, “फक्त 14 रुपये.”

आनंदवनाच्या माळरानावर विहीर खणली गेली, भाजी पिकली, दूध निघालं. पण सुरुवातीला कुष्ठरुग्णांच्या हातांनी पिकवलेलं गावात कोणी विकत घेईना. भीक घालायला लोक तयार होते, भाजी घ्यायला नव्हते. 14 रुपयांपेक्षा हीच अडचण मोठी होती. दानानं माणूस दुबळा होतो, कामानं उभा राहतो, हा बाबा आमट्यांचा आग्रह तिथूनच समजतो.

म्हणून मला या वाद्यवृंदाचं मोल निधीपुरतं वाटत नाही. ज्यांच्या हातची भाजी लोकांनी नाकारली, त्यांचं गाणं ऐकायला आज लोक तिकीट काढतात. ‘बिचारे, तरीही किती छान’ असं म्हणणाऱ्याला या तालमीतलं काहीच दिसलेलं नसतं. एक वळण चुकलं तेव्हा ताईंनी ते जमेपर्यंत पुन्हा पुन्हा करून घेतलं. कुणाला सवलत मिळाली नाही.

हैदराबादेत मराठी मंडळं आहेत, सभागृहं आहेत, गाणं ऐकणारी माणसं आहेत. या कलाकारांना बोलवावं, कोणत्याही नावाजलेल्या गायकाशी करतो तसाच व्यवहार करावा, आणि फुकट पास एकही वाटू नये.