उपग्रहाला दिसणारी वाडी सरकारला दिसेल काय?

३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून ‘निसार’ हा उपग्रह अवकाशात झेपावला. भारताची इस्रो आणि अमेरिकेची नासा यांनी मिळून बनवलेला, २,३९२ किलो वजनाचा हा उपग्रह ७४७ किलोमीटर उंचीवरून पृथ्वीवर नजर ठेवण्यासाठी आहे. शास्त्रज्ञांचे आम्ही मनःपूर्वक अभिनंदन करतो. मात्र ११ वर्षांपूर्वी, २०१४ साली याच ३० जुलैला, पुणे जिल्ह्यातील माळीण हे आदिवासींचे गाव दरडीखाली गाडले गेले आणि दीडशेच्या आसपास माणसे गेली, याची आठवण आम्ही मुद्दाम करून देत आहोत.

कारण या दोन घटनांचा थेट संबंध आहे. निसार हा साधा कॅमेरा नव्हे. तो जमिनीकडे रडारच्या लहरी सोडतो आणि परत येणाऱ्या लहरी टिपतो. त्याला ना ढगांचा अडसर, ना अंधाराचा. दर १२ दिवसांनी तो त्याच मार्गावरून पुन्हा जातो. दोन फेऱ्यांतील लहरी ताडून पाहिल्या की जमीन किती सरकली, किती खचली, हे सेंटिमीटरच्या हिशेबात कळते. त्यातील नासाच्या रडारची लहर सुमारे २४ सेंटिमीटर लांबीची असून ती झाडांच्या पानांतून खाली पोहोचते. दुसरे रडार इस्रोचे आहे. दाट झाडीच्या आणि पावसाळाभर ढगांत बुडालेल्या सह्याद्रीला असाच डोळा हवा होता!

पण भाबडेपणा नको. मुसळधार पावसात काही क्षणांत कोसळणाऱ्या दरडीची वेळ हा उपग्रह सांगू शकणार नाही. कोणता उतार हळूहळू सरकतो आहे, एवढे तो दाखवू शकतो. पुढचे काम जमिनीवरच्या माणसांचे आहे. आणि नेमके तेथेच घोडे पेंड खाते.

१९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातील इरशाळवाडी गाडली गेली. ठाकर आदिवासींची ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीतच नव्हती, असे सरकारने विधानसभेत सांगितले. वाडीला मोटाररस्ता नव्हता, त्यामुळे यंत्रे वर पोहोचेनात. माणसांनी हातांनी माती उपसली. माळीणची वार्ता तर, गाव जागेवर दिसत नाही हे एस.टी.च्या चालकाच्या ध्यानात आले तेव्हा बाहेर फुटली!

रडारच्या लहरीला जात नसते. ती पाटलाचा वाडा आणि कातकऱ्याची झोपडी सारखीच मोजते. यादी मात्र माणसे बनवतात. निसारची माहिती साऱ्या जगाला मोफत खुली ठेवण्याचे धोरण आहे. तेव्हा माहिती नव्हती, ही सबब यापुढे चालणार नाही.

आमची मागणी साधी आहे. सरकणाऱ्या उतारांची यादी दरवर्षी पावसाळ्यापूर्वी ग्रामपंचायतीच्या फलकावर, लोकांच्या भाषेत लागली पाहिजे. पाडे आणि वाड्या त्यात नावानिशी हव्यात. पाड्यावर पर्जन्यमापक हवा आणि तो वाचणारा पाड्यातलाच शिकलेला तरुण हवा. धोका असेल तेथील माणसांना कसायच्या जमिनीसह सुरक्षित जागा हवी. नुसते पत्र्याचे छप्पर नको.

उपग्रह सोडण्याची ऐपत ज्या देशात आहे, त्याला हे जड नाही. डोंगरातल्या बांधवांनीही आपल्या वाडीचे नाव यादीत आहे का, हे विचारायला तहसील कचेरीत गेले पाहिजे. पावसाळा येण्याआधी!